ऑफिसातली आरती, प्रसाद आणि आपला विश्वास: मुलांना नेमकं काय शिकवावं?

प्रश्न (तरुणसंघ, शरणपूर, नाशिक):
सलाम. मंडळीतली (आमच्या चर्चमधली) काही मुलं-मुली यंदा कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नरकडच्या ऑफिसांत लागली आहेत. सगळ्यांची अडचण एकच. गणपतीत रोज आरती, खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा, वर्गणी, प्रसाद. ख्रिस्ती आहोत हे लपवायचं नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दुखवायचंही नाही. त्यात गुड फ्रायडेला सुट्टी नाही. तरुण संघात शिकवता येईल असं सांगा.

उत्तर १:
बिघडतं ते नकारामुळे नाही, उशिरामुळे. दोन वर्षं गप्प राहून आरतीला टाळ वाजवायचे आणि तिसऱ्या वर्षी ताट पुढे आल्यावर हात मागे घ्यायचा, मग समोरच्याला तो अपमानच वाटणार. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच वरिष्ठांना एकट्यात गाठावं: "मी ख्रिस्ती आहे, पूजा-आरती करणार नाही, पण त्या दिवशीचं दुसरं कुठलंही काम द्या." आणि काम खरंच मागून घ्यावं. आरतीच्या वेळी फोन सांभाळणं, पाहुण्यांना पाणी देणं, नंतर खुर्च्या उचलणं. वर्गणीच्या वहीवर नाव घालण्याऐवजी तेवढीच रक्कम कर्मचाऱ्यांच्या जेवणाला द्यावी, तीही यादी फिरायच्या आधी. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात, पहिल्या अध्यायात हीच रीत दिसते. राजाचं अन्न नको हे त्याने अधिकाऱ्याला विनंती करून सांगितलं, शिवाय दहा दिवसांची पारख करून बघा म्हणाला.

उत्तर २:
प्रसादाबद्दल बायबलमधलं १ करिंथ १०:२५-२९ मुलांकडून नीट वाचून घ्या, अर्धवट नको. बाजारातलं विकत घ्या, बोलावलं तर जा आणि पुढे येईल ते खा, चौकशी करू नका. पण "हे देवाला वाहिलेलं आहे" असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणून दिवाळीचा फराळ आणि संक्रांतीचा तिळगूळ आनंदाने घ्यावा. प्रसाद म्हणून हातावर ठेवलेला मोदक मात्र "नको, पण तुम्ही आठवणीने आणलात, बरं वाटलं" असं म्हणून नाकारावा. घेऊन नंतर कचऱ्यात टाकणं सगळ्यात वाईट.

आरतीला उभं राहावंच लागलं तर काही जण २ राजे ५ मधल्या अरामी सेनापती नामानाचा दाखला देतात, आपल्या देवाला मानू लागल्यावरही तो धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात वाकतो म्हणून. जपून. नामानाने त्यासाठी क्षमा मागितली होती, परवाना नव्हे. शांत उभं राहावं. हात जोडू नयेत, ताट हातात घेऊ नये.

उत्तर ३:
सुट्टीचं बोलतो. वीस किंवा जास्त (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा) कामगार असलेल्या दुकान-ऑफिसांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. त्यात सणांच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. म्हणजे गुड फ्रायडेचा अर्ज डिसेंबरमध्येच, लेखी. मार्चमध्ये मागितलात तर यादी भिंतीवर लागलेली असते. यादीत नाही बसला तर किरकोळ रजा आहे, वर्षाला आठ दिवस, पण ती तिमाहीनुसार जमा होते. २०२७ मध्ये राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) १० फेब्रुवारीला आणि गुड फ्रायडे २६ मार्चला, दोन्ही एकाच तिमाहीत. बुधवारी कामावर जाऊन संध्याकाळची उपासना गाठा, रजा शुक्रवारसाठी राखा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना हा कायदा नाही, तिथे कंपनीची सुट्ट्यांची यादी बघावी लागेल.

रविवारची पाळी आली तर कॅथलिक मुलांसाठी शनिवार संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) रविवारची धरली जाते. पण पाळी कायमची रविवारची होऊ देऊ नये. बदल्यात दिवाळीची ड्युटी स्वतःहून घ्यावी, सहकारी मग मनापासून सांभाळून घेतात.

तरुणसंघ:
फार उपयोगी. डब्याआधी प्रार्थना आणि "तुम्ही लोकांना बाटवता का?" या प्रश्नाचं काय?

उत्तर १:
प्रार्थना डबा उघडायच्या आधी, डोळे मिटून, दहा-पंधरा सेकंद. इतरांना थांबवायचं नाही. मत्तय ६ मध्ये दाखवण्यासाठी केलेल्या प्रार्थनेला येशूने नावं ठेवली आहेत, आणि मत्तय १० मध्ये लोकांसमोर त्याला नाकारण्याबद्दल बजावलं आहे. दोन्ही एकत्र शिकवा.

त्या प्रश्नावर चिडू नये. "पैसे किंवा नोकरी दाखवून धर्म बदलायला लावणं मलाही पाप वाटतं. मी काय मानतो ते विचारलंत तर सांगेन." एवढं पुरे. पुढे विचारलं तर ऑफिस सुटल्यावर, चहाच्या टपरीवर बोलावं. हाताखालच्या माणसाशी हा विषय आपण काढूच नये, त्याला नाही म्हणता येत नाही. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मुलांना द्या. पती नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, स्वतःच्या मनाला पटल्यावर.