हनोईच्या रेल्वे गल्लीत रुळांना लागून बसून खाणे-पिणे : आईला घेऊन जावे का?

हिंडफिरी :
नमस्कार. डिसेंबरात आम्ही चौघे व्हिएतनामला जात आहोत. सोबत अडुसष्ट वर्षांची आई आहे, जिचे गुडघे दुखतात आणि जी अंडेसुद्धा खात नाही. हनोईत दोन्ही बाजूंच्या घरांमधून आगगाडी जाते आणि तिच्या अगदी कडेला टेबले मांडून कॉफी दिली जाते, त्या गल्लीचे चलचित्र भाच्याने दाखवल्यापासून तिथे गेलेच पाहिजे असा आईचाच हट्ट आहे. ही जागा अधूनमधून बंद केली जाते असेही वाचनात आले. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगावे की आत सोडतात का, वयस्कर माणसाला तिथे बसवणे शहाणपणाचे आहे का आणि शाकाहारी माणसाला तिथे काय मिळते.

पाऊलखुणा :
मी 2023 च्या नोव्हेंबरात जाऊन आलो. स्थानकाच्या उत्तरेला ट्रान फू आणि फुंग हुंग या रस्त्यांच्या बाजूला जो पट्टा आहे, तिथे पर्यटकांची गर्दी अधिक असते. तोंडाशी अडथळे लावलेले होते आणि प्रवेश नसल्याचा फलकही होता; पण पाच मिनिटे रेंगाळल्यावर एका कॅफेची मालकीणबाई बाहेर आली, तिने आम्हाला खुणेने मागे यायला सांगितले आणि सरळ आपल्या दारात नेऊन बसवले. यात नियम किती आणि चालवून घेणे किती, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

गाडी येण्याआधीची दहा मिनिटे हाच खरा पाहण्याचा भाग आहे. बाईंनी टेबले भिंतीकडे ओढली, रुळांच्या बाजूची बुटकी प्लास्टिकची स्टुले एकात एक घालून आत नेली आणि प्रत्येकाचे गुडघे हाताने मागे सारून पाहिले. एका पर्यटकाने बिअरच्या बाटलीचे झाकण रुळावर ठेवले होते, ते गाडी गेल्यावर चांदीच्या टिकलीसारखे चपटे होऊन निघाले. गाडी जात असताना पेल्यातली कॉफी थरथरते आणि डब्याच्या खिडकीतला प्रवासी आपल्याकडे कंटाळलेल्या नजरेने बघतो. त्याचे ते रोजचेच असणार.

खाण्यासाठी म्हणून मुद्दाम जाऊ नका. तिथे मुख्यतः पेयेच मिळतात आणि तीही शहरातल्या इतर ठिकाणांपेक्षा महाग. प्रसिद्ध अंडा-कॉफीत पिवळा बलक घोटलेला असतो. दुधाच्या टंचाईच्या काळात, 1946 मध्ये, हनोईतल्याच एका हॉटेलच्या कर्मचाऱ्याने ती शोधून काढली असे सांगितले जाते. आईंसाठी नारळाच्या दुधाची गार कॉफी मागवावी. जेवण दुसरीकडे घ्यावे आणि ‘चाय’ (पाटीवर ‘chay’ असे लिहिलेले असते) म्हणजे शाकाहारी एवढे लक्षात ठेवावे, हा शब्द ऐकून चहा येईल अशी आशा मात्र करू नये. नुसत्या भाज्यांच्या पदार्थातही मासळीचा रस घातलेला असू शकतो, म्हणून विचारूनच घ्यावे.

खडीवाला :
मी रेल्वेच्या रूळमार्ग विभागात तीस वर्षे काढली आहेत, म्हणून एक गोष्ट सांगतो जी चलचित्रात दिसत नाही. तो मार्ग मीटरगेज आहे, म्हणजे दोन रुळांमधले अंतर बरोबर एक मीटर. डबा मात्र त्याहून पुष्कळ रुंद असतो. आपल्याकडच्या जुन्या मीटरगेज डब्यांची रुंदी पावणेतीन मीटरच्या आसपास होती. याचा अर्थ डबा रुळाच्या बाहेर प्रत्येक बाजूला पाऊण मीटरहून अधिक येतो. बसलेला माणूस अंतर मोजतो ते रुळापासून, धोका असतो तो डब्याच्या कडेपासून. त्यातून वळण असेल तर लांब डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला सरकतो आणि टोके बाहेर येतात, त्यामुळे इंजिन सुखरूप गेले म्हणून मान पुढे काढणे ही सर्वांत मोठी चूक. पायरी, उघडे दार, बाहेर काढलेला हात हे वेगळेच. चालकाने ब्रेक लावला तरी गाडी जागच्या जागी उभी राहत नाही.

आपल्याकडे 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे विनापरवाना रुळांवर शिरणे हा गुन्हा आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे लोक त्यासाठी पैसे मोजतात, हे पाहून माझ्यासारख्याला गंमत वाटते, पण बसायला मी जाणार नाही.

ओसरी :
खडीवाला काकांचे म्हणणे योग्यच आहे, पण ही गल्ली पर्यटकांसाठी उभारलेला देखावा नाही, हेही सांगावेसे वाटते. फ्रेंचांच्या काळातला हा मार्ग आहे. 1902 साली बांधून झालेल्या लाँग बिएन पुलावरून हीच वाट पुढे हायफाँगकडे जाते. कॅफे येण्यापूर्वीपासून लोक याच रुळांवर कपडे वाळत घालत, भाजी निवडत आणि गाडीच्या वेळा पाठ असल्याने सहज बाजूला होत. गर्दी वाढल्यावर ऑक्टोबर 2019 मध्ये प्रशासनाने कॅफे बंद करायला लावले, 2022 च्या सप्टेंबरात पुन्हा तेच झाले. त्या दोन्ही वेळी नुकसान झाले ते दोन स्टुले आणि एक गाळणी एवढ्या भांडवलावर घर चालवणाऱ्यांचे. तेव्हा पोलीस नको म्हणत असतील तर मालकिणीशी हुज्जत न घालता मुकाट्याने परतावे.

हिंडफिरी :
सर्वांचे आभार. आईला खडीवाला काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तिने शिवणाची टेप आणून दिवाणखान्यात पावणेतीन मीटर मोजले, टीव्हीच्या कपाटापर्यंत डबा येतोय हे पाहून थोडा वेळ गप्प बसली आणि मग वरच्या मजल्यावर गॅलरी असलेले कॅफे असतात का, असे विचारायला सांगितले आहे. पाऊलखुणा, जिना किती उभा असतो?

पाऊलखुणा :
असतात. जिने मात्र अरुंद आणि उभे आहेत, आमच्या इथल्या माळ्याच्या शिडीहून थोडे बरे. गुडघ्यांचा विचार करता तळमजल्यावर घराच्या दाराच्या आत, उंबऱ्यापलीकडे खुर्ची मागावी, मालकीणबाई देतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी गाड्या अधिक असतात, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचावे. वेळापत्रक कॅफेच्या भिंतीवर खडूने लिहिलेले असते.