शब्दचर्चा : ‘ध्यान करणे’ की ‘ध्यान लागणे’?

मुलुंड : गुरू न करता घरच्या घरी ध्यानाला बसणाऱ्यांसाठी मराठीत एक टिपण करायचं आहे. ‘ध्यान करा’ लिहावं की ‘ध्यान लागू द्या’? ‘धारणा’ म्हटलं की लोक ‘समजूत’ हा अर्थ घेतात (‘माझी अशी धारणा आहे’) आणि ‘लय’ म्हटलं की तबला आठवतो. आणखी एक : ‘गुरुविना’ की ‘गुरूविना’?

गिरगाव : शेवटचं आधी. समासात ऱ्हस्व (गुरुकृपा, गुरुदक्षिणा), शब्दयोगी अव्यय लागलं की दीर्घ. म्हणून ‘गुरूविना’.

आता मुख्य मुद्दा. झोप लागते, भूक लागते, तशीच समाधी लागते. या वाक्यांत कर्ता आपण नसतो. पतंजलींच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात हाच भेद आहे. चित्त एका जागी बांधणं ती धारणा (३.१) आणि तिथे एकच प्रत्यय (मनात उमटणारी जाणीव) सलग वाहू लागला की ते ध्यान (३.२). बांधणं आपल्या हातात आहे, वाहणं नाही. म्हणून टिपणातली प्रत्येक सूचना धारणेची हवी : बसा, मोजा, परत आणा. ‘ध्यान करा’ वाचून माणूस कपाळाला आठ्या घालून काहीतरी घडवू पाहतो. गुरू समोर असता तर त्या आठ्या त्याला दिसल्या असत्या. घरी त्या कोणालाच दिसत नाहीत.

‘विठ्ठलाचं ध्यान करणे’ मात्र बरोबर आहे. ‘सुंदर ते ध्यान’मध्ये ध्यान म्हणजे डोळ्यांपुढे धरायचं रूप. ‘काय ध्यान आहे!’ हेही त्याच रूपाच्या अर्थाने.

पार्ले : ‘धारणा’ ठेवाच, पण पुढच्याच ओळीत कृती द्या म्हणजे समजूत हा अर्थ आपोआप गळतो. घोंगडीची चौपदरी घडी नितंबांखाली घ्यायची, गुडघे कमरेपेक्षा खाली यायला हवेत. घडी पुढे सरकून मांडीखाली आली की तिथली नस दबते आणि पायाला मुंग्या येतात. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते, पावलं जमिनीला टेकलेली हवीत. बाहेर सोडलेला प्रत्येक श्वास मोजा, एक ते दहा, मग पुन्हा एक. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरे, पण रोज. मुंबईच्या घरांत सोयीची वेळ म्हणजे नळाला पाणी यायच्या आधीची. गाडीचा भोंगा ऐकू आला तर ऐकू द्यायचा, मोजणी चालू ठेवायची.

इथे आणखी एक शब्द महत्त्वाचा : आनापान. पाली शब्द आहे, आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात आणि गोराईच्या पॅगोडात शिकवतात ते हेच. श्वास जसा आहे तसा पाहायचा. प्राणायामात श्वासाचं नियमन असतं. पुस्तकावरून शिकणारे हे दोन्ही एकत्र करतात, पाहता पाहता श्वास ओढू लागतात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांना झिणझिण्या येतात, गरगरतं आणि त्यालाच ‘कुंडलिनी जागी झाली’ म्हणतात. टिपणात हे ठळक लिहा.

दादर : ‘लय’ टाळू नका, तो नेमका शब्द आहे. गौडपादांच्या मांडूक्यकारिकेत (अद्वैत वेदान्ताचा जुना ग्रंथ), तिसऱ्या प्रकरणात, मनाच्या अवस्था आणि त्यांचे उपाय आहेत, आणि ‘वेदान्तसार’ या वेदान्ताच्या ग्रंथात समाधीच्या वाटेतल्या चार विघ्नांची नावं येतात : लय, विक्षेप, कषाय, रसास्वाद. गुरूविना बसणाऱ्याला सगळ्यात उपयोगी यादी हीच.

लय म्हणजे मन झोपेकडे घसरणं. मान झुकते, मोजणी हरवते आणि मध्ये कोणता विचार होता तेही आठवत नाही. डोळे अर्धे उघडा, तरीही घसरत असेल तर उभे राहा. बहुधा कारण अपुरी झोप किंवा नुकतंच झालेलं जेवण. विक्षेप म्हणजे मन भटकणं. त्यात मोजणी दहावर न थांबता अकरा, बारा, तेरा अशी यंत्रासारखी पुढे जाते. न चिडता एकवर या.

कषाय ओळखणं सर्वांत कठीण. झोप नाही, भटकणं नाही, पण मन जुन्या आसक्तीने थिजलेलं. नवखा माणूस यालाच शांतता समजतो. तिथे कारिका एवढंच सांगते की हे ओळखा. रसास्वाद म्हणजे मिळालेल्या सुखाची चव घेत बसणं. प्रकाश दिसला की दुसऱ्या दिवशी माणूस तोच शोधायला बसतो आणि मोजणी सुटते.

मुलुंड : ‘ध्यानाचे परिणाम’ असं एक उपशीर्षक ठेवतो.

गिरगाव : नको. सूत्रांत ‘परिणाम’ म्हणजे फळ नव्हे, पालट. ३.११मध्ये चित्ताचं चहूकडे धावणं क्षीण होतं आणि एकाग्रता उदय पावते, त्यालाच समाधिपरिणाम म्हटलंय. मराठी वाचक ‘परिणाम’ वाचून फायद्यांची यादी शोधेल. ‘मनातला पालट’ लिहा.

बोरिवली : ‘गुरूविना’चा अर्थ ‘कोणाकडूनच न शिकता’ असा होऊ देऊ नका. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत बाण घडवणारा कारागीर आहे. शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही. असं पाहून शिकता येतं. कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि बंध (शरीराचे ठरावीक भाग आवळून धरणं) मात्र पाहून किंवा वाचून करू नयेत, त्याला समोर शिकवणारा हवा. झोप उडाली, धडधड थांबेना किंवा आजूबाजूचं खोटं वाटू लागलं, तर बसणं बंद करून डॉक्टरांकडे जायचं.

मुलुंड : मग ‘लय’पुढे सोपा शब्द म्हणून ‘तंद्री’ देऊ?

दादर : ‘तंद्री’ नको. गाणं ऐकताना लागते ती तंद्री मराठीत चांगली समजतात. ‘गुंगी’ द्या.