गांडूळ खताने मावा कमी होतो का?

कुंडीवाली: मिरचीच्या शेंड्यांना मावा लागलाय, कोवळं पान उलटवलं की खाली नुसते हिरवे ठिपके चिकटलेले आणि मुंग्या वरखाली फिरतायत. विषारी फवारणी नकोय मला. गांडूळ खत घातलं की झाड स्वतःच कीड झेलतं म्हणतात, खरंय का?

मातीमित्र: बऱ्यापैकी खरंय ताई, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचे 2005 साली छापलेले प्रयोग आहेत, कुंडीच्या मिश्रणात 20 आणि 40 टक्के गांडूळ खत घातलं तर मावा, पिठ्या ढेकूण, कोबीवरच्या अळ्या यांचा त्रास कमी झाला. नत्र हळूहळू मिळतं ना, म्हणून युरियासारखी एकदम लुसलुशीत वाढ होत नाही आणि मावा तर तसल्याच शेंड्यांवर तुटून पडतो. पानातली फिनॉलं, म्हणजे झाड स्वतःच बनवतं ती रसायनं, वाढतात असंही मानतात, ती किडीला नकोशी असतात

हिरवापाला: पण हे औषध नाही हां, आत्ताचा मावा खताने जाणार नाही! तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांच्या खालून धुवून काढा, मुंग्यांचाही बंदोबस्त करा कारण त्याच माव्याची राखण करतात. खत पुढच्यासाठी, रोप लावतानाच मिसळा.

कुंडीवाली: ओके, मावा आजच धुते आणि नवीन कुंड्या पाव हिस्सा खत घालून भरते. थँक्यू दोघांना