बॅटमॅनमधला पझलर मुळात रिडलरच होता ना? मग संहितेत बदललं काय?

प्रश्न: तालीमवाला (गंगापूर रोड, नाशिक)
आमची एकांकिका बसतेय. मुख्य भूमिकेतल्या पोराला पुण्यात नोकरी लागली, तो गेला. त्याच्या जागी आलेले काका वयानं मोठे, आवाज भारदस्त. आधीचा पोरगा स्टेजभर नाचायचा आणि संहिता त्याच्याच अंगानं लिहिलेली. त्यात परवा १९६६ च्या बॅटमॅन मालिकेतला पझलरचा जोडभाग पाहिला. कोडी घालणारा खलनायक, साचा सगळा रिडलरचा, म्हणजे त्याच मालिकेतल्या आधीच्या कोडीवाल्या खलनायकाचा. नुसतं नाव बदललं, की आतूनही काही हललं? जाणकारांनी सांगा, मला आत्ता त्याची गरज आहे.

उत्तर: पंचवटीकर
रिडलरसाठीच लिहिलेला भाग आहे तो. लेखक फ्रेड डी गॉर्टर. पहिल्या सीझनमध्ये फ्रँक गॉर्शिननं रिडलर असा केला की एमीचं, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्काराचं, नामांकन मिळालं. दुसऱ्या सीझनला त्याचा करार जमेना. मग मॉरिस इव्हान्सला घेतलं, पात्राला पझलर हे नाव दिलं आणि २१ व २२ डिसेंबर १९६६ ला भाग दाखवले. हे नाव सुपरमॅनच्या कॉमिक्समध्ये १९४२ पासून होतंच.

इव्हान्स शेक्सपिअरचा मोठा नट, टीव्हीवरच्या मॅकबेथसाठी एमी मिळवलेला. म्हणून पझलर बोलता बोलता शेक्सपिअर फेकतो. तात्यासाहेब शिरवाडकरांच्या गावात राहून मला ते आवडायलाच हवं, आणि आवडतंही. पण गॉर्शिन आठवून बघा. हसू सुटलं की थांबत नाही, अंग पिळवटतं, आणि पुढच्या क्षणी आवाज कुजबुजीवर. त्याला कोडं घातल्याशिवाय राहवतच नाही, त्यापायी पकडला गेला तरी चालेल. गोष्ट त्या तगमगीवर पळते. पझलर तीच कोडी घालतो तेव्हा वर्गात तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरांसारखा वाटतो. हुशार आहे, पण त्याचं स्वतःचं काही पणाला लागलेलं नाही.

शब्दांचे खेळ मात्र जसेच्या तसे चालतात. विमानाचं नाव रेटसूर, म्हणजे उलटा रूस्टर. मालकाचं आडनाव नॅब, म्हणजे उलटी बँक. टोळीत ग्लायडर, ब्लिम्पी, रॅमजेट. ही गंमत कुणाच्याही तोंडी शोभते. तगमग गॉर्शिनच्या अंगात होती, ती कागदावर कुणी उतरवलीच नव्हती. तुमच्या काकांना आधी कारण द्या. तो माणूस असं का वागतो, हे त्यांच्या वयाला पटेल असं नव्यानं लिहा. वाक्यं मागाहून बघू.

उत्तर: विंगेतून (सिडको)
मी प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे नट अडला की विंगेतून शब्द देते, म्हणून कागदाचं सांगते. हॉलिवूडमध्ये चित्रीकरणाची संहिता पांढऱ्या कागदावर असते. नंतर बदललेली पानं निळी, मग गुलाबी, मग पिवळी. बदललेल्या ओळीपुढे समासात चांदणी, पानावर तारीख. प्रवेशांचे आकडे हलत नाहीत. नवा प्रवेश घुसला तर तो १४ए, आणि १५ उडाला तरी त्याचा आकडा राहतो, पुढे फक्त 'वगळला'. आपल्याकडे झेरॉक्सवर झेरॉक्स, आणि कुणाच्या हातात कुठली प्रत आहे ते तालमीत कळतं. एका प्रयोगात नायकानं जुन्या प्रतीतलं वाक्य घेतलं, समोरची मुलगी नव्या प्रतीतल्या एन्ट्रीची वाट बघत विंगेत उभी. मी दोनदा शब्द दिला, तरी गाडी रुळावर यायला वेळ लागला. तेव्हा दादा, जुन्या प्रती आधी गोळा करा.

तालीमवाला
ताई, आज रात्रीच सगळ्यांकडून प्रती घेतो. पंचवटीकर, नाव तेच ठेवून नट बदलला असता तर?

पंचवटीकर
तेही केलंय त्यांनी. फेब्रुवारी १९६७ मध्ये जॉन अ‍ॅस्टिनला रिडलर म्हणूनच उभं केलं. नट चांगला, पण प्रत्येक हसण्याला गॉर्शिनचं हसू आठवतं. तिसऱ्या सीझनमध्ये गॉर्शिन एका भागापुरता परतला. मला विचाराल तर पझलरचा मार्ग जास्त सरळ, कारण इव्हान्सला कुणाची नक्कल करावी लागली नाही. तुमच्या पात्राचं नावही बदलाच. काकांसाठी लिहिलेला पहिला प्रवेश इथे टाका, मी वाचतो.

तालीमवाला
बदलतो. काका रिटायर्ड पोस्टमन आहेत, आणि आमच्या गोष्टीत एक न पोचलेलं पत्र आहे. उड्यांचा प्रवेश काढून तिथे ते पत्र परत करायला स्वतः आलेत असं लिहितोय. रविवारपर्यंत टाकतो.