याखिमोव्हला किती वेळ द्यावा? (आई-बाबा सोबत आहेत)

प्रागची_मेघा: नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येताहेत, मुक्काम चेकमधल्या कार्लोव्ही व्हारीला. बाबा रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. रेडियमचं गाव याखिमोव्ह तिथून वीसेक किलोमीटरवर आहे हे कळल्यापासून त्यांनी धोशा लावलाय. अर्धा दिवस पुरेल का? त्यांचे गुडघे दुखतात, तिथल्या रेडॉनच्या (किरणोत्सारी वायूच्या) पाण्यात बसता येईल का?

डोंगरवेडा: मेघाताई, पूर्ण दिवस ठेवा. क्रुश्ने होरी डोंगररांगेतल्या एका अरुंद दरीत हे गाव लांबट पसरलंय. खाली स्नानगृहं आणि हॉटेलं, वर जुनं गाव. बसने आधी वर जा आणि उतरत या, म्हणजे बाबांना चढ लागणार नाही.

वरच्या चौकाजवळ टांकसाळीचं संग्रहालय आहे, तिथे सवडीने थांबा. १५१६ साली काउंट श्लिकने चांदीच्या खाणींसाठी हे गाव वसवलं. वीस वर्षं व्हायच्या आतच लोकवस्ती अठरा हजारांच्या घरात गेली. आज तीन हजारही नाही. इथलं चांदीचं नाणं, थालर, हातात घ्यायला मिळत नाही, पण नीट बघा: एका बाजूला संत योआखिम, दुसरीकडे दोन शेपट्यांचा बोहेमियाचा सिंह, वजन जवळजवळ अडीच तोळे. अमेरिकेच्या डॉलरने नाव घेतलं ते याच नाण्याचं.

आता बाबांचा विषय. चांदी काढताना लागणारा जड काळा दगड खाणकामगार टाकून द्यायचे. पुढे त्यातल्या युरेनियमपासून काच आणि चिनी मातीसाठी रंग बनवायचा कारखाना इथेच निघाला. त्या कारखान्याचा उरलेला चोथा मेरी क्युरींनी पॅरिसला मागवला आणि त्यातूनच रेडियम वेगळं केलं. स्व्होर्नोस्त ही सोळाव्या शतकातली खाण अजून चालू आहे, आता फक्त पाण्यासाठी.

गोदाकाठ: स्नानाबद्दल थोडं. रेडॉन जेमतेम चार दिवसांत निम्मा उरतो, म्हणून पाणी खाणीतून थेट स्नानगृहात आणतात. उपचार डॉक्टर तपासून देतात आणि ते दोन-तीन आठवडे चालतात. एका दिवसाच्या पाहुण्याने त्या नादी लागू नये. त्यापेक्षा १९१२ चं रेडियम पॅलेस हॉटेल बाहेरून बघा, वास्तू देखणी आहे.

डोंगरवेडा: गोदाकाठ यांच्याशी सहमत. एक विनंती मात्र मनापासून करतो. क्युरीबाईंपाशी थांबून परत फिरू नका. १९४९ नंतर इथल्या खाणींभोवती छावण्या उभ्या राहिल्या. कम्युनिस्ट राजवटीने राजकीय कैद्यांना सोव्हिएत संघासाठी युरेनियम काढायला जुंपलं. परतताना ओस्त्रोव्हजवळ विक्मानोव्हला लाल विटांचा मनोरा लागेल, लोक त्याला मृत्यूचा लाल मनोरा म्हणतात. तिथे कैदी कुठल्याही संरक्षणाविना खनिज दळून पिंपांत भरत होते. २०१९ मध्ये या खाणप्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात हा मनोराही आहे. बाबांनी वर्गात रेडियम शिकवलंय, तर हेही त्यांना दाखवाच.

प्रागची_मेघा: दोघांचेही आभार. मनोरा यादीत घेतला. वर थंडी असते का?

डोंगरवेडा: मेमध्येही स्वेटर हवाच. पलीकडचं क्लीनोव्हेत्स शिखर १२४४ मीटरचं आहे, तिकडून वारा येतो. संग्रहालयाच्या वेळा निघण्याआधी तपासा.