अनुभव धागा : मियाटाची घरगुती दुरुस्ती

मंडळी, मजदा म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना अजून स्वराज मजदाचा टेंपोच आठवतो. पण परदेशातल्या काही मराठी घरांच्या गॅरेजात याच कंपनीची दोन सीटची, उघड्या टपाची गाडी उभी असते. जगभर एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा, जपानमध्ये यूनोस रोडस्टर. १९८९ साली आलेली पहिली पिढी (एनए) १९९७ पर्यंत चालली, मग एनबी आली. गाड्या जुन्या झाल्यात, पण बनावट साधी आहे आणि बॉनेटखाली हात जायला जागा आहे, त्यामुळे घरी बरंच काही करता येतं.

आपापले अनुभव लिहा. एकच आग्रह आहे. काय बदललं यापेक्षा बिघाड नेमका तोच आहे हे कशावरून ओळखलं, ते सविस्तर येऊ द्या. अंदाजाने पार्ट मागवत गेलं की पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नका, स्टँड लावल्याशिवाय नाहीच.

सुरुवात मी करतो.

न्यू जर्सी

माझी १.६ लिटरची एनए. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग करायची, झटके मारायची. बहुतेक जण आधी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी) बदलायला सांगतात, कारण ती इंजिनाच्या मागच्या बाजूला अडचणीत बसलेली असते आणि महाग असते. पण या इंजिनात कॉइल दोनच आहेत. एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला ठिणगी देते, दुसरी २ आणि ३ ला. म्हणजे कॉइल पूर्ण गेली तर जोडीतले दोन्ही सिलिंडर मरतात. एकच मेला असेल तर संशय आधी प्लग आणि त्याच्या वायरवर घ्यायचा.

मेलेला सिलिंडर शोधायला इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून इंजेक्टरचे (सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांचे) कनेक्टर एकेक करून काढायचे. चालू सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच अडखळतं. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीच बंद आहे. माझा तिसरा निघाला. मग रात्री अंधारात प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तर तिसऱ्या वायरीतून निळी ठिणगी हेडवर उडताना स्वच्छ दिसली. (हे करताना वायरींना हात लावायचा नाही.) नवा वायर-सेट टाकला आणि मिसिंग बंद झालं. कॉइल जुन्याच आहेत.

चारही सिलिंडर ठीक असूनही ॲक्सिलरेटर दिला की गाडी गुदमरत असेल तर एअर फ्लो मीटरपासून (आत जाणारी हवा मोजणारा) थ्रॉटलपर्यंत (हवेची झडप) जाणारा रबरी पाइप वाकवून बघा. घड्यांमधल्या चिरा वरून दिसत नाहीत.

रेडिंग, इंग्लंड

इकडे या गाड्या इंजिनाने कमी आणि गंजाने जास्त जातात. सीटमागे गालिचा ओला लागायला लागला तेव्हा सगळ्यांनी टपाच्या कापडावर बोट ठेवलं. मी कोरड्या दिवशी टप मिटून मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या भोकांत अगदी थोडं पाणी ओतलं. ते मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली गळायला हवं. डावीकडून आलं, उजवीकडून थेंबही नाही. लांब लवचिक ब्रश घालून हळूहळू पानांचा कुजलेला लगदा काढला. तारेने जोरात टोचू नका, आतली नळी फाटते. हे पाणी तुंबून सिलमध्ये (दाराखालचा पोकळ पत्रा) उतरतं आणि पत्रा आतून खातं. सिल गंजून पोकळ झालं की एमओटीत (इकडची गाडीची वार्षिक तपासणी) गाडी नापास, मग वेल्डिंगशिवाय सुटका नाही. दर शरद ऋतूत पानगळ संपली की हे काम मी न चुकता करते.

ऑस्टिन, टेक्सस

गाडीखाली ऑइलचे थेंब, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे. एका गॅरेजने क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलंय म्हणून गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. ऑइल खाली दिसतं म्हणून ते तिथूनच गळतंय असं नाही. डिग्रीजर मारून इंजिनाचा मागचा भाग स्वच्छ केला, थोडं फिरवून आणलं आणि आरसा-टॉर्च घेऊन वरून खाली तपासलं. हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कॅम अँगल सेन्सर असतो, त्याच्या बुडातून ओघळ निघाला होता. आतली ओ-रिंग (रबरी कडी) दगडासारखी कडक झाली होती. काही डॉलरची वस्तू.

खरं काम नंतरचं आहे. हा सेन्सर फिरवला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलतं, म्हणून काढण्याआधी त्यावर आणि हेडवर मिळून एक रेघ ओढून ठेवा. बसवल्यावर बॉनेटखालच्या डायग्नोसिस बॉक्समध्ये टेन (TEN) आणि जीएनडी (GND) असं लिहिलेली दोन टोकं तारेने जोडून टायमिंग लाइटने बघा. १.६ ला १० अंश, आयडल मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास.

कॅल्गरी

थंडीत सकाळी दुसरा गिअर खरखरत असेल तर लगेच गिअरबॉक्सवर जाऊ नका. लिव्हरखालच्या टरेटमध्ये (लिव्हर जिथे बसतो ती छोटी डबी) वेगळं ऑइल असतं, ते बहुतेकांनी कधीच बदललेलं नसतं. फाटलेला रबरी बूटही तेव्हाच बदला, पायांशी येणारी गरम हवा थांबते.

ह्यूस्टन

क्लच पेडल तळाला चिकटलं, रिव्हर्स पडेना. गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर आहे, पेडलचा दाब फ्लुइडमधून क्लचपर्यंत पोचवणारा. त्याचा रबरी बूट जरा सोलून पाहिला तर आत सगळं ओलं. क्लचप्लेटचा काही संबंध नव्हता. १२ च्या सॉकेटचे दोन बोल्ट, एक नळी, बस्स. साताऱ्याहून आलेले बाबा पेडलवर बसले आणि ‘दाबा... धरा... सोडा’ करत हवा काढली. माझं मत, वरचा, पेडलकडचा मास्टर सिलिंडरही त्याच वेळी बदलावा. आणि सांडलेलं फ्लुइड लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

ऑकलंड

इकडे जपानहून आलेल्या यूनोस खूप. वॉरंट ऑफ फिटनेसच्या (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) तपासणीत हँडब्रेक ढिला म्हणून अडकतात आणि लोक केबल ओढत बसतात. आधी हँडब्रेक खाली करून मागच्या चाकाचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) बघा. मागे १४ चा एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिमीच्या ॲलन कीची जागा. पॅड डिस्कला घट्ट टेकेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग साधारण एक तृतीयांश फेरा मागे. चाक मोकळं फिरलं पाहिजे. केबलला हात त्यानंतर.

न्यू जर्सी (पुन्हा)

एकाने १९९० ची गाडी घेताना काय बघावं असं विचारलंय. समोर वाकून क्रँकची पुली बघा. तिच्यात चारच खाचा असतील तर तो सुरुवातीचा आखूड टोकाचा क्रँक, १९९१ च्या सुरुवातीपर्यंतचा; त्यावर पुली ढिली होऊ शकते. नंतरच्यांत आठ खाचा असतात. चारवाली सरसकट नाकारू नका. इंजिन चालू असताना पुली डुलते का आणि टायमिंग लाइटवर खूण सरकते का, एवढं तपासा. डुलत असेल तर चावीची (पुली क्रँकवर अडकवून ठेवणाऱ्या छोट्या तुकड्याची) खाच झिजलेली आहे. नुसता बोल्ट आवळून देतो म्हणाले तरी घेऊ नका.