मदत हवी आहे : लांगदोकच्या द्राक्षशेतीचा इतिहास

नमस्कार. दक्षिण फ्रान्समधील भूमध्य समुद्राकाठच्या लांगदोक प्रांतातील द्राक्षशेतीच्या इतिहासावर मी आमच्या निफाड भागातील बागायतदारांसाठी व्याख्यान तयार करीत आहे. त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

१८६३ च्या सुमारास त्या भागातील वेली कारण न कळता वाळू लागल्या. १८६८ मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या वेली सोडून जिवंत वेलींची मुळे भिंगाखाली पाहिली, तेव्हा त्यांना चिकटलेली बारीक पिवळसर कीड दिसली, तीच फायलोक्झेरा. तिला रोखण्यासाठी कोणी हिवाळ्यात बागेत पाणी कोंडले, कोणी किनाऱ्याजवळच्या एग-मोर्त गावच्या वाळूत लागवड केली, कारण वाळूत ही कीड तग धरत नाही. शेवटी ही कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर (मुळाकडच्या भागावर) स्थानिक वाणाचे कलम हाच उपाय टिकला. आपण डॉगरिज खुंट वापरतो तो क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, पण कलमाची युक्ती तीच आहे.

पुढचा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. बागा पुन्हा उभ्या राहिल्या, उत्पादन वाढले, भाव मात्र कोसळले आणि १९०७ मध्ये तिथले द्राक्ष बागायतदार मार्सेलाँ आल्बेर यांच्या मागे लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्याच भागातील नार्बोन शहरात सैन्याच्या गोळीबारात माणसे दगावली.

नव्या लागवडीचा खर्च लहान शेतकऱ्याने कसा पेलला, आणि भाव पडण्यात साखर घालून केलेल्या बनावट वाइनचा वाटा किती होता, यावर मराठी किंवा इंग्रजीतील विश्वसनीय वाचन कृपया सुचवावे. फ्रेंच जाणणाऱ्या कोणी त्या काळातील शेतकऱ्यांच्या पत्रांचा मराठी अनुवाद करून दिल्यास मी ऋणी राहीन.